मित्रमेळ्याचे कवि गोविंद

श्रोतेहो, चार माणसें मिळून गाऊं लागलीं कीं त्यांतला एकजण पुढें उभा राहतो आणि बाकीचे मागें राहतात, हा जगाचा जुना रिवाज आहे. कीर्तनांत बुवा पुढें, टाळकरी मागें. पोवाड्यांत शाहीर पुढें, झीलकरी मागें. संगीत नाटकांत नट रंगमंचावर, तर ऑर्गनवाला खालच्या खड्ड्यांत. लोकांचे डोळे आणि लोकांच्या टाळ्या पुढच्याला मिळतात. परंतु प्रत्येक श्रोतृसमुदायांत कांहीं थोडे चोखंदळ लोक असे असतात, कीं त्यांचें सारें लक्ष मागच्या माणसावर खिळलेलें असतें. हल्लीं आपल्या शहरांतील तरुण मंडळी गिटार व ड्रम घेऊन रॉक संगीताचीं पथकें उभारतात. त्या पथकांच्या रसिकांतही हाच वाद रंगतो. मागें उभा राहून गिटार वाजविणारा आणि मधूनच एखादें गाणें म्हणणारा जो गडी असतो, त्याचे कांहीं निष्ठावंत चाहते असतात. आणि पथकाचा खरा जीव याच्यांत आहे, असें ते हट्टानें सांगत असतात.

हा हट्ट नेहमींच वेडगळ असतो असें नाहीं. इंग्लंडांतील बीटल्स या जगद्विख्यात चौकडींत जॉर्ज हॅरिसन हा असाच मागचा गडी होता. आपल्या पंडित रविशंकरांकडे त्यानें सतारीचे धडे घेतले, म्हणून आपल्याकडे त्याचें नांव थोडें अधिक परिचित आहे. त्याच्या ‘समथिंग’ या गीताला १९६९ सालीं त्या चौकडीच्या तबकडीच्या मुख्य बाजूवर जागा मिळाली. तोंवर तो मान लेनन आणि मॅकार्टनी या जोडीच्या रचनांकडेच जात असे. अमेरिकेचे नामांकित गायक फ्रँक सिनात्रा यांना तें गीत फार प्रिय होतें. पण मौज अशी, कीं आपल्या मैफलींत तें लेनन-मॅकार्टनींचें म्हणून त्यांनीं श्रोत्यांस ऐकविलें. गाणें आवडावें आणि कर्ता मात्र भलताच समजला जावा, हें मागच्या माणसाचें ठरलेलें प्राक्तन आहे.

असाच एक मागचा माणूस आपल्या नाशकांत होऊन गेला. त्याच्या हातीं गिटार नव्हती आणि त्याचें पथक रॉक संगीताचें नव्हतें. पण पथक होतें. तें तरुणांचें होतें, रूढ वाट सोडून चालणारें होतें, आणि त्याचीं गाणीं वडीलधाऱ्यांच्या व सरकारच्या दोघांच्याही कपाळाला आठी पाडणारीं होतीं. त्या माणसाचें नांव गोविंद त्र्यंबक दरेकर. शेजारपाजारचे लोक त्यांना आबा म्हणत. मराठी कवितेंत ते कवि गोविंद या नांवानें ओळखले जातात. त्यांचा जन्म १८७४ मधला आणि मृत्यु १९२६ मधला. आज त्यांच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम मेळा म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. कारण ज्यांचें बालपण ध्वनिक्षेपकाच्या काळांत गेलें, त्यांना त्याची कल्पना येणें कठीण आहे. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें १८९३-९४ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आलें आणि त्याबरोबर मेळेही आले. दहावीस मुलांची रांग, सर्वांचा एकसारखा पोशाख, ढोलकी, झांजा, लेझीम किंवा टिपऱ्या, एवढा त्यांचा संसार. एकानें पदाचा चरण उचलावा आणि बाकीच्यांनीं तो धरावा. चाल बहुधा नाटकांतल्या एखाद्या गाजलेल्या पदाची किंवा लावणीची उसनी घेतलेली असे, म्हणजे ती लोकांना आधींच ठाऊक असे. नवे असत ते शब्द. त्या शब्दांत देव असे, शिवाजीमहाराज असत, आणि दोघांच्या आडून चालू काळही असे. मेळा पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींना गाणाऱ्या मुलाचा आवाज आठवे, पुढाऱ्याचें नांव आठवे. परंतु पद कोणी रचलें, हें विचारण्याची चाल नव्हती.

१८९९ सालीं नाशिक भागांत प्लेगनें कहर मांडला होता. भगूरच्या सावरकरांच्या घरांतील कर्ता पुरुष त्या सांथींत गेला आणि पोरकीं झालेलीं मुलें नाशकांत आलीं. तेथें तिळभांडेश्वराच्या गल्लींत त्यांची आबांशीं गांठ पडली. १ जानेवारी १९०० रोजीं या तरुणांनीं मित्रमेळा नांवाची संस्था स्थापिली. तिचे प्राण म्हणजे विनायकराव सावरकर. ते त्या वेळीं अवघे १६ वर्षांचे होते. त्यांचे वडील बंधु गणेशपंत, ज्यांना पुढें सर्वजण बाबाराव म्हणूं लागले, ते २० वर्षांचे. आणि आबा २५ वर्षांचे. वयानें आबा वडील, पण पुढारीपण धाकट्याकडे. आबांना त्याचा विषाद वाटला नाहीं, उलट त्यांचें घर हेंच मेळ्याच्या बैठकींचें ठिकाण झालें. तेथें इतिहासाचे ग्रंथ वाचले जात, मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या कथा सांगितल्या जात, भाषणांचा सराव होई. बाहेरून पाहणाराला तें उत्सवापुरतें जमलेलें मुलांचें मंडळ वाटावें. आंत मात्र देश स्वतंत्र कसा करावा, याची चर्चा चाले.

आबांचे दोन्ही पाय लहानपणींच्या दुखण्यानें लुळे पडले होते. मेळ्याबरोबर चौकाचौकांतून फिरणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. रांगेंत उभें राहून लेझीम खेळणें तर दूरच. म्हणून जो मेळा नाशिककरांनीं डोळ्यांनीं पाहिला, त्या मेळ्यांत आबा दिसलेच नसावेत, यांत नवल नाहीं. मराठींत पाय या अर्थींही ‘पद’ हाच शब्द आहे आणि गाणें या अर्थींही तोच आहे. दैवानें एक हिरावून घेतलें, तेव्हां आबांनीं दुसऱ्याचा आश्रय केला. ते घरीं बसून पद बांधीत आणि तें पद गांवभर चालत जाई.

मित्रमेळ्याशीं संबंध येण्यापूर्वीं ते लावण्या रचीत असत. कित्येक चरित्रकार ही गोष्ट किंचित् संकोचानें सांगतात, जणूं कांहीं पुढच्या थोर कार्याला तो एक डागच होता. मला तसें वाटत नाहीं. लावणी रचणाराला तीन गोष्टी हस्तगत कराव्या लागतात. शब्द गाणाराच्या जिभेवर अडतां कामा नये; अर्थ पहिल्या ऐकण्यांत कळला पाहिजे; आणि पालुपद असें पाहिजे, कीं ऐकणारानें तें आपण होऊन उचलावें. विद्यालयांत छंदःशास्त्र शिकून आलेल्या पुष्कळ कवींना या तीन गोष्टी जन्मभर साधत नाहींत. आबांना त्या लावणीनें शिकविल्या होत्या. मित्रमेळ्यानें त्यांना नवा विषय दिला; कसब त्यांचें स्वतःचें होतें.

याचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. युद्धावांचून स्वातंत्र्य कोणाला मिळालें, असा सवाल घालणारें जें त्यांचें सर्वांत प्रसिद्ध पद, तें भुजंगप्रयात वृत्तांत आहे. हें वृत्त आबांनीं कोठून निवडलें? तें शोधण्यास संस्कृत काव्याकडे जाण्याचें कारण नाहीं. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तांत आहेत. आणि समर्थांनीं ज्या टाकळीस बारा वर्षें तप केल्याची परंपरा सांगितली जाते, ती टाकळी नाशकाला लागूनच आहे. तिन्हीसांजा देवापुढें दिवा लावून घरोघरचीं मुलें जें वृत्त रोज घोकीत, त्याच वृत्तांत आबांनीं आपला सवाल बसविला. चाल शिकविण्याची गरजच उरली नाहीं. ज्या लयींत मनाला सज्जनपणाचा उपदेश ऐकण्याची संवय होती, त्याच लयींत आतां शस्त्राचा उपदेश आला. या युक्तींतला धारदारपणा मेळ्यांतील मुलांना कळला असो वा नसो, त्यांच्या कंठाला तो निश्चित कळला.

पुढें १९०४ सालीं मित्रमेळ्याचें अभिनव भारतांत रूपांतर झालें आणि त्याचीं मुळें महाराष्ट्रभर पसरलीं. विनायकरावांनीं स्वतः सिंहगडाचा व बाजी प्रभूंचा असे दोन पोवाडे रचले. तेही मेळ्यानें गाजविले आणि सरकारनें बंद केले. १९०६ सालीं विनायकराव विलायतेस गेले. मागें राहिले बाबाराव आणि आबा. १९०८ च्या आरंभीं बाबारावांनीं ‘लघु अभिनव भारतमाला’ या नांवानें पदांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तींतील जीं पदें पुढें न्यायालयांत गेलीं, तीं आबांचीं होतीं.

येथून या कथेला वेगळें वळण लागतें. त्या पुस्तिकेंतील चार पदांवरून बाबारावांवर खटला झाला. आरोप दोन: राजद्रोहाचा, आणि बादशहाविरुद्ध युद्ध करण्यास चिथावणी दिल्याचा. नाशिकच्या सेशन्स न्यायाधीशांनीं जून १९०९ मध्यें बाबारावांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. चार गाणीं छापल्याबद्दल एक अखंड आयुष्य, असा तो हिशेब होता. त्याच वर्षीं मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें अपील चाललें. न्यायासनावर नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन असे दोन न्यायमूर्ति होते. पैकीं चंदावरकर हे प्रार्थनासमाजाचे पुढारी, १९०० सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, आणि मराठीचे उत्तम जाणकार. बचावाच्या बाजूचें म्हणणें असें, कीं हीं देवादिकांचीं आणि पुराणांचीं गाणीं आहेत; त्यांत राजद्रोह कोठला? चंदावरकरांनीं तें मानलें नाहीं. देवांचीं आणि शिवाजीसारख्या वीरांचीं नांवें हें निव्वळ निमित्त आहे, तरवार हातीं घ्या आणि परकें राज्य उलथून पाडा हाच या पदांचा खरा मजकूर आहे, असा त्यांनीं निर्णय दिला. आणि युद्ध प्रत्यक्ष घडलें नसलें तरी चिथावणीचा अपराध पुरा होतो, असें ठरवून शिक्षा कायम केली.

श्रोतेहो, या निकालपत्राकडे मीं एका निराळ्या दृष्टीनें पाहतों. आबांच्या हयातींत त्यांच्या कवितेवर जें कांहीं लिहिलें गेलें असेल, त्यांत इतक्या बारकाईनें केलेलें वाचन दुसरें क्वचितच असेल. कवितेंतलें रूपक काय आहे, देवाचें नांव कोठें संपतें आणि चालू काळ कोठें सुरू होतो, ऐकणाराच्या मनावर कोणता परिणाम घडविण्याचा कवीचा हेतु आहे, हे सारे प्रश्न खरे टीकाकाराचे आहेत. एका मराठी विद्वानानें ते विचारले, बिनचूक सोडविले, आणि उत्तराबद्दल काळें पाणी दिलें. कवीला रसिक भेटला. पण तो न्यायासनावर भेटला, आणि त्यानें दिलेली पावती कवीच्या मित्राला भरावी लागली.

या पदांची किंमत एवढ्यावर संपली नाहीं. बाबारावांचा खटला ज्यांनीं सेशन्स कोर्टाकडे पाठविला, ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी आणि भारतीय विद्येचे अभ्यासक होते. त्यांची नाशकाहून बदली झाली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत किर्लोस्कर मंडळींचें ‘शारदा’ नाटक त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ होतें. तेथें अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि जॅक्सन गतप्राण झाले. बाबारावांच्या शिक्षेचा सूड म्हणून आपण हें कृत्य केलें, असें कान्हेरे यांनीं सांगितलें. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फांशी देण्यांत आलें. गाण्यापासून गोळीपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे मन क्षणभर थबकतें. एका पांगळ्या माणसानें घरीं बसून जुळविलेले शब्द, त्यांच्यापायीं एकाला काळें पाणी, एकाचा रंगगृहांत अंत, तिघांना फांस. शब्द हलके असतात, असें कोणीं म्हणावें?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. एवढें सारें ज्याच्या पदांवरून घडलें, त्याचें नांव लोकांच्या ओठीं कितीसें राहिलें? इतिहासाच्या पुस्तकांत, विशेषतः इंग्रजी पुस्तकांत, प्रक्षोभक कविता लिहिल्याबद्दल गणेश सावरकरांना शिक्षा झाली, असें वाक्य वारंवार आढळतें. बाबारावांनीं त्या छापल्या, हें खरें. लिहिल्या मात्र आबांनीं. युद्धावांचून स्वातंत्र्य कोणाला मिळालें हा सवाल तर आजही सभांतून म्हटला जातो, आणि म्हणणारांपैकीं कित्येकांना तो विनायकराव सावरकरांचाच वाटतो. सिनात्रांनीं हॅरिसनचें गीत भलत्याच्या नांवावर मांडलें, त्यांतलाच हा प्रकार. यांत सावरकर बंधूंचा कांहींच दोष नाहीं. बाबारावांनीं मित्राच्या गीतांसाठीं अंदमान भोगलें; विनायकरावांनीं आपल्या आठवणींत आबांविषयीं मोठ्या जिव्हाळ्यानें लिहिलें. दोष लोकांच्या संवयीचा आहे. मोठें नांव जवळ उभें असलें, कीं लहान नांवाचें धन त्याच्याच खात्यावर जमा होतें.

असेंच पुन्हां एकदां झालें. आयुष्याच्या अखेरीस, मरण समोर दिसत असतां, आबांनीं एक कविता लिहिली. देह जीर्ण झाला आहे, मृत्यूच्या स्पर्शानें आतां आपल्याला नवें, धडधाकट रूप मिळणार, असा तिचा भाव आहे. ज्याला सारा जन्म पायांवर उभें राहतां आलें नाहीं, त्यानें मरणाकडे इतक्या उल्हासानें पाहावें, हें वाचून अंगावर रोमांच उभे राहतात. पुढें पु. ल. देशपांडे यांनीं त्याच कवितेवरून आपल्या नाटकास ‘सुंदर मी होणार’ हें नांव दिलें. तें नाटक १९५८ पासून मराठी घरांत परिचित आहे. नाटकाचें नांव सांगा म्हटलें, तर कोणीही सांगेल. तें नांव कोणाच्या लेखणींतून आलें, हें विचारलें तर फार थोडे हात वर होतील.

मग गोविंदांचे जे मूठभर चाहते आहेत, ते त्यांना महाकवि ठरवूं पाहतात काय? तसें कोणी करूं नये. त्यांची पदें शांतपणें वाचलीं, तर कांहीं ठिकाणीं शब्द केवळ यमकासाठीं आलेला दिसतो, कांहीं ठिकाणीं आवेश अर्थाच्या पुढें धांवतो. केशवसुत हे त्यांच्याहून वयानें फार तर आठ वर्षांनीं मोठे, म्हणजे एकाच पिढीचे. परंतु केशवसुतांची सूक्ष्म दृष्टि आबांजवळ नाहीं. तशी ती असण्याचें कारणही नव्हतें. केशवसुतांची कविता एकट्यानें एकांतांत वाचावयाची आहे. आबांची वीस मुलांनीं चौकांत एकसुरांत म्हणावयाची आहे. हत्याराची पारख त्याच्या कामावरून करावी. सुईनें लांकूड फुटत नाहीं, म्हणून सुई वाईट ठरत नाहीं. आणि कुऱ्हाडीनें शिवतां येत नाहीं, म्हणून कुऱ्हाडीलाही कोणी नांवें ठेवीत नाहीं.

त्यांच्या सवालाचें उत्तरही सर्वांनीं मान्य केलेंच पाहिजे, असें नाहीं. आबांचा देह राहण्यापूर्वींच देशानें दुसऱ्या मार्गानें चालावयास आरंभ केला होता. १९३० सालीं नाशकांतच काळाराम मंदिराच्या दारांत डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, आणि स्वतंत्र होण्यासाठीं आधीं आपल्याच घराचीं दारें उघडावीं लागतात, हा धडा याच नगरीनें देशाला दाखविला. रणाचा सवाल आणि सत्याग्रहाचा जबाब, दोन्ही एकाच गोदातीरावर उमटले आहेत. त्यांतला कोणता आपल्याला पटतो, हें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु ज्या काळीं सवाल विचारणें हाच अपराध होता, त्या काळीं तो इतक्या सोप्या शब्दांत आणि इतक्या परिचित लयींत कोणीं विचारला, हें ठाऊक नसावें, यांत मात्र आपलें नुकसान आहे.

रसिकाचें काम टाळ्या वाजविण्यानें संपत नाहीं. पुस्तिका जप्त झाली, पुढारी अंदमानांत गेला, मेळ्याच्या वाटेवर पोलिसांची नजर बसली, तरी पदें नाहींशीं झालीं नाहींत. कारण तीं ज्यांनीं पाठ केलीं होतीं, त्यांच्या मनाची झडती घेण्याचा उपाय सरकारजवळ नव्हता. त्या अनाम लोकांनीं पद राखलें, नांव मात्र वाटेंत गळालें. उरलेलें काम आपलें आहे. येत्या गणेशोत्सवांत एखाद्या मंडपांत मुलें तें जुनें पद म्हणतील, तेव्हां शेजारीं बसलेल्या नातवंडानें विचारण्याची वाट पाहूं नये. त्याला आपण होऊन सांगावें, कीं हें पद तिळभांडेश्वराच्या गल्लींतल्या आबा दरेकरांचें आहे.